म्हणे, ‘सोसायटीचा काहीही संबंध राहणार नाही’!

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या निविदांमध्ये आणि करारपत्रांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात आहे. ‘काम चालू असताना मजुरांस अपघात झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी कंत्राटदाराची राहील, सोसायटीचा त्याच्याशी काहीही संबंध राहणार नाही.’ चिटणीस बदलतात, कार्यकारी मंडळे बदलतात, इमारतीचा रंग पिवळ्याचा करडा होतो. हे वाक्य मात्र बदलत नाही. ते कोणी प्रथम लिहिले हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्याचा अर्थ काय हे विचारण्याची गरजही कुणाला वाटत नाही. सही करणाऱ्यांना एवढेच कळते की या वाक्याने आपण सुटलो.

कोण सुटले? एखाद्या बंगल्याचा मालक, एखादा बिल्डर सुटला असता तर त्यात नवल नव्हते. पण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आज निवृत्त शिक्षक आहेत, बँक कर्मचारी संघटनांचे जुने पदाधिकारी आहेत, विमा कर्मचाऱ्यांच्या संपांत पुढे असलेली माणसे आहेत. ज्यांनी आयुष्यभर मालकाला ‘जबाबदारी घ्या’ असे ठणकावून सांगितले, तेच सद्गृहस्थ स्वतः काम देणारे झाले की ‘आमचा संबंध नाही’ या ओळीखाली सही करतात. समाजवादी पक्षाचे सहानुभूतिदार या गर्दीत नाहीत, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

प्रश्न साधा आहे. घराला रंग द्यायचा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे, गळणारा छज्जा पाडून नवा करायचा, यासाठी माणूस ठेवताना त्याच्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा आहे की नाही हे कितीजण पाहतात? रंग कोणत्या कंपनीचा, हात किती, हमी किती वर्षांची, हे सर्व तपासले जाते. तीन-तीन दरपत्रके मागवली जातात. सर्वसाधारण सभेत चौरस फुटामागे 2 रुपयांसाठी तास-तास वाद होतो. आणि सर्वांत कमी दर देणारा निवडला की सभेला आपण सहकाराचा पैसा वाचवल्याचे समाधान मिळते. तो दर कमी कशाने झाला, हे मात्र विचारले जात नाही. रंगाची किंमत सर्वांना सारखीच पडते. कमी होऊ शकते ती मजुरी, परांचीचा बांबू, कमरेचा पट्टा आणि विम्याचा हप्ता. सर्वांत स्वस्त निविदा म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवावर दिलेली सूट असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याविषयीचे अज्ञान कार्यकर्त्यांतही थोडे नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला. ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. मालकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे मजुराच्या विधवेवर नसावे. कामामुळे आणि काम करीत असताना अपघात झाला एवढे पुरेसे असावे, हे त्या कायद्याचे सूत्र. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी 29 केंद्रीय कायदे पोटात घेतले, त्यांत हाही गेला, आणि त्याची कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत आली. संहितांविरुद्धचा लढा हा स्वतंत्र विषय आहे. तूर्त नुकसानभरपाईचे ते सूत्र तेथेही टिकून आहे एवढे नोंदवले म्हणजे पुरे.

भरपाईचा हिशेब असा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. 30 वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98 आहे. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने हिशेबासाठी वेतनाची मर्यादा 8,000 वरून 15,000 रुपये झाली. ती धरली तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. 50 वर्षांच्या गवंड्याचा गुणांक 153.09, त्याचे 11,48,175 रुपये होतात. ही दया नव्हे, ही देणगी नव्हे. हा हक्क आहे.

आता हा हक्क वसूल कोणाकडून करायचा? करारपत्राप्रमाणे कंत्राटदाराकडून. आणि हा कंत्राटदार कोण असतो? बहुधा काल-परवापर्यंत स्वतः झुल्यावर बसून रंग मारणारा माणूस. एक जुनी मोटारसायकल, भाड्याची खोली, चार शिड्या, उधारीवर आणलेले डबे आणि मोबाइलमध्ये साठवलेले दहा-बारा मजुरांचे क्रमांक, ही त्याची सारी मालमत्ता. पंधरा लाखांचा निवाडा त्याच्याविरुद्ध मिळाला तरी जप्त काय करणार? शिड्या? तो गावी निघून जातो आणि निवाड्याचा कागद विधवेच्या पेटीत राहतो. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यावर सर्वस्वी जबाबदारी टाकणे म्हणजे ती कुणावरही न टाकणे. सोसायटीच्या निविदेतल्या त्या वाक्याचा खरा अर्थ हा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांना कळत नाही असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल.

‘पण कायद्यानेच आमच्यावर जबाबदारी नाही’ हे उत्तर तयार असते. ते अर्धे खरे आहे. 1923 च्या कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे कंत्राटदाराकडून काम करून घेणारा मूळ मालक जबाबदार धरला जातो, पण केव्हा? ते काम त्याच्या धंद्याचा किंवा व्यवसायाचा भाग असेल तर. घर रंगवणे हा घरमालकाचा धंदा नव्हे, म्हणून तो निसटतो. सोसायटीचा व्यवसाय कोणता, इमारत राखणे हाच नव्हे काय, यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. तोवर मजुराच्या मुलांची शाळा सुटलेली असते. मात्र ज्याला आपण पूर्ण सुरक्षित आहोत असे वाटते त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाक्यावरून थेट बिगारी आणून काम करून घेतले तर मधे कंत्राटदारच नसतो. घरमालक हाच मालक होतो. ‘तो हंगामी होता, आमच्या धंद्याचा नव्हता’ ही जुनी पळवाट 2000 सालच्या दुरुस्तीने बंद झाली, आणि एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीची दुरुस्ती करणारा माणूस अनुसूचीप्रमाणे त्या कायद्याखाली येत होता. दुसरी गोष्ट, निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास फौजदारी गुन्हा होतो. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या 304-अ कलमाखाली होत असे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली होतो. कुजलेल्या बांबूची परांची रोज डोळ्यांसमोर दिसत असताना गप्प राहिलेल्या चिटणिसाला पोलीस ठाण्यात ते ‘संबंध राहणार नाही’ वाचून दाखवता येईल. ते ऐकले जाईलच अशी हमी कोणताही वकील देणार नाही.

अपघातानंतरचे नाटक तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिला अंक ‘तो प्यायलेला होता’. मजूर पडला की त्याच्या तोंडाला वास येत असल्याचे सांगणारे दोन साक्षीदार कोठून उगवतात कोण जाणे! वस्तुतः मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव कायद्यात चालतच नाही; 1995 च्या दुरुस्तीनंतर तो किरकोळ दुखापतींपुरता उरला. दुसरा अंक माणुसकीचा. वर्गणी निघते, पंचवीस-पन्नास हजार रुपये जमतात, आणि शव गावी नेण्याच्या घाईत असलेल्या भावाकडून ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्या कागदाला कवडीची किंमत नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाहीत, आणि हक्क सोडून दिल्याचा करारही रद्दबातल असतो. दावा करण्यास दोन वर्षांची मुदत आहे. परंतु हे त्या भावाला सांगणार कोण? तो मराठवाड्यातल्या, बिहारमधल्या किंवा झारखंडमधल्या गावी पोहोचलेला असतो, आणि ज्यांना हे ठाऊक असते ते वर्गणी दिल्याच्या समाधानात असतात.

शासनाने या प्रश्नात काय केले? इमारत व इतर बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा दहा किंवा अधिक मजुरांच्या कामाला लागू होता; शिवाय 10 लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाचे स्वतःच्या राहत्या घराचे काम त्यातून वगळले होते. रंगकामाच्या टोळीत सहा-सात माणसे असतात. म्हणजे तेथेच दार बंद. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने बांधकाम कामगारांच्या बाबतीत ही 10 लाखांची सूट 50 लाखांपर्यंत वाढवली, आणि ‘व्यक्ती’च्या जोडीला ‘व्यक्तींचा समूह’ही आणून बसवला. महागाई वाढली म्हणून मर्यादा वाढली असे समर्थन होईल. मजुराचे हाड महागाईने बळकट झाले आहे काय? राज्यविमा योजनेचीही अट दहा माणसांचीच. कल्याण मंडळाची नोंदणी हवी तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. रोज सकाळी नाक्यावर उभा राहून वेगवेगळ्या दारी जाणाऱ्याला हा दाखला देणार कोण? ज्या घरी त्याने दोन दिवस भिंत घासली तो सद्गृहस्थ? तो तर नाव लिहून द्यायलाही घाबरतो. साध्या रंगकामाला आणि गिलाव्याला महापालिकेची परवानगीही लागत नाही. म्हणजे कुठल्याही सरकारी टेबलावर या कामाचा कागदच जात नाही. कारखान्यातील कामगाराला निदान निरीक्षकाची वाट पाहता येत असे. परांचीवरच्या माणसाकडे पाहणारा, त्याला काम देणाऱ्यावाचून दुसरा कोणी नसतो.

म्हणूनच काम देणाऱ्याने पाहिले पाहिजे. आणि पाहायचे म्हणजे ‘विमा आहे ना?’ असे विचारून ‘आहे, आहे’ हे उत्तर ऐकायचे नव्हे. येथे फसवणुकीला पुष्कळ जागा आहे, तिच्याकडे थोडे विस्ताराने पाहणे भाग आहे.

पुष्कळ कंत्राटदार विमा म्हणून जे पुढे करतात ते मजुराच्या स्वतःच्या बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे संरक्षण असते. त्यात अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. मजुराने आपल्या पैशाने घेतलेल्या त्या विम्याचा मालकाच्या जबाबदारीशी काडीचा संबंध नाही. 2 लाख आणि 15 लाख 59 हजार यांतला फरक कळण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. काहीजण ठेकेदाराच्या सर्व जोखमींचा म्हणून ओळखला जाणारा विमा दाखवतात. तो मुख्यतः कामाचे आणि मालाचे नुकसान भरून देतो. शेजाऱ्याच्या मोटारीवर वीट पडली किंवा वाटसरू जखमी झाला तर त्यातील त्रयस्थांच्या भागाचा उपयोग होईल, पण झुल्यावरून पडलेला कंत्राटदाराचा स्वतःचा मजूर त्यात त्रयस्थ नसतो. हवा तो कामगार नुकसानभरपाईचा, म्हणजे मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा. ती पॉलिसी स्वतंत्र असते.

तीही मिळाली तर वाचायची असते. हप्ता मजुरीच्या जाहीर केलेल्या रकमेवर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो. म्हणून पॉलिसीत मजूर तीन आणि परांचीवर नऊ, हा प्रकार सर्रास चालतो. काम उंचीवरचे असता पॉलिसीत ‘अंतर्गत रंगकाम’ असे लिहिलेले असते. कामाचे ठिकाण दुसऱ्याच उपनगरातले असते. मुदत गेल्या मार्चमध्ये संपलेली असते आणि छायाप्रतीत नेमकी ती ओळ पुसट असते. नाव मोठ्या कंत्राटदाराचे असते, पण प्रत्यक्ष काम करणारी टोळी पोटकंत्राटदाराची. कायद्याने येथे मोठा कंत्राटदार सुटत नाही, कारण रंगकाम हा त्याचा धंदाच आहे आणि 12 वे कलम त्याला पुरते बांधते. परंतु विमा कंपनी मात्र सुटू शकते. पोटकंत्राटदाराचे मजूर वेगळा हप्ता भरून समाविष्ट केले नसतील तर ती हात वर करते. तेव्हा मूळ पॉलिसी पाहावी, तिचा क्रमांक घेऊन विमा कंपनीच्या शाखेत विचारणा करावी, आणि कामाच्या पहिल्या दिवशी हजेरीपत्रकावरची माणसे व पॉलिसीतील संख्या जुळवून पाहावी. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले इतके साथी शहरोशहरी असताना याला अडचण येण्याचे कारण नाही.

या मागणीला विरोध होतो तो केवळ उजवीकडून नव्हे. डावीकडचेही दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की विमा ही भांडवली व्यवस्थेची सोय आहे. माणसाच्या जिवाला भाव लावून ती मालकाला मोकळे करते, खरा आग्रह सुरक्षिततेचा हवा. बोलायला हे भारदस्त आहे. पण सुरक्षिततेचा आग्रह धरू नका असे कोणी सांगितले? पट्टा हवाच, जाळी हवीच, बांबूऐवजी लोखंडी परांची हवी. या सर्वांनंतरही माणूस पडतो, आणि पडल्यावर त्याच्या बायकोला क्रांतीपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार चार खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या विचारवंताला नाही. भरपाईचा हक्क कामगार चळवळीने भांडून मिळवला. तो वसूल होण्याची तजवीज करणे म्हणजे तडजोड नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विम्याची अट घातली तर छोटा कंत्राटदार, जो स्वतः मजुरीतून वर आला, तो बाजारातून उठेल आणि कार्यालये थाटून बसलेल्या बड्या कंपन्यांचे फावेल. हा धोका खरा आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. पण यावरचा उपाय विमा सोडणे हा नसून त्याचा खर्च ज्याने करायचा त्याने करणे हा आहे. दरपत्रकात रंग, मजुरी, परांची अशा ओळी असतात. त्यांत विम्याच्या हप्त्याची स्वतंत्र ओळ असावी, पावती दाखवताच ती रक्कम आगाऊ द्यावी, आणि निविदांची तुलना करताना ती बाजूला ठेवावी. म्हणजे विमा न काढणाऱ्याचा दर कमी दिसणार नाही आणि काढणारा छोटा माणूस मरणार नाही. ज्या संस्थेला इमारतीच्या रंगकामावर लाखो रुपये खर्च करता येतात तिला हा हप्ता परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटचा हिशेब द्यावा.

एका घरमालकाला हे जमणे कठीण, हेही मान्य केले पाहिजे. दोन दिवसांच्या कामासाठी प्लंबर आणणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडून पॉलिसी वाचण्याची अपेक्षा करणे हास्यास्पद होईल. तेथे नाका कामगारांची संघटना, त्यांची मजूर सहकारी संस्था आणि तिने घेतलेला सामूहिक विमा हाच मार्ग आहे. मालाडपासून कल्याणपर्यंतच्या नाक्यांवर आणि पुण्यातील वारज्यासारख्या मजूर अड्ड्यांवर ज्या कार्यकर्त्यांचा वावर आहे त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. परंतु सोसायट्यांना ही सबब नाही. तेथे ठराव होतो, लेखापरीक्षण होते, वास्तुविशारद नेमला जातो. पंधरा वर्षांवरील इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्यांचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावे असे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे दुरुस्तीची कामे वाढतच जाणार.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी होतात. पाऊस ओसरला की परांच्या चढतात. सभेची सूचना 14 दिवस आधी निघते. निविदेतील ते वाक्य काढून टाकावे, कामगार नुकसानभरपाईचा वैध विमा पाहिल्यावाचून काम सुरू करण्याचा आदेश देऊ नये, आणि हप्त्याचा खर्च संस्थेने सोसावा, हा ठराव विषयपत्रिकेवर यायचा असेल तर सभासदाने तो लेखी स्वरूपात ऑगस्ट महिन्यातच चिटणिसाच्या हाती दिला पाहिजे, आणि पोच घेतली पाहिजे.